हाताने बदलू नये

शुक्रवारी वाऱ्याने धक्क्यावरची पाटी उखडली,
शनिवारी माझं इंटरनेट गेलं.
दोन्हींचा काही संबंध नाही म्हणे.
रास्मुसने तार्तूला जाण्याआधी
या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवलं
आणि एक वही ठेवली, पेन्सिलीने लिहिलेली:
आजी, आधी केबल बघ.
मग पुन्हा बघ. खरंच बघ.

बघितली. मांजर बसलं होतं तिच्यावर,
पण ती जागची हललेली नव्हती.
राउटरचे तीन दिवे हिरवे.
चौथा पहिल्यापासूनच मुका.

काळा पडदा उघडला.
वही म्हणते, सुरुवातीला स्वतःलाच हाक मार:
पिंग, एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
पापणी लवायच्या आत उत्तर.
चला, म्हणजे मी आहे घरात.

मग राउटरला. तो भिंतीपलीकडेच, त्यानेही ओ दिली.
मग थेट समुद्रापार, चार आठांच्या त्या पत्त्यावर:
चौसष्ट बाइट, पुन्हा चौसष्ट, पुन्हा चौसष्ट,
गेले तेवढे परत आले.
एकतीस वर्षं मी हीउमा बेटावर टपाल वाटलं,
उन्हाळ्यात सायकलवर, बर्फात ढकलत्या घसरगाडीवर,
इतका चोख हिशेब माझाही नव्हता.

मग बिघडलंय कुठे?
नावाने हाक मारून पाहिली, हवामान खात्याच्या.
थांबलं. थांबलं.
मग एक ओळ:
या नावाचं कुणी माहीत नाही.

पत्ते शाबूत. नावं गेलीत.

हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.
शेवटच्या दोन हिवाळ्यांत एंडेलला
कॅर्डलाचा दरवाजा न् दरवाजा ठाऊक होता:
बारा नंबरचं फाटक आत उघडतं,
सतरात कुत्रा आहे, तोंडाळ, पण चावरा नाही.
फक्त तिथे राहतं कोण, ते विचारायचं नाही.
मला तो टपालबाई म्हणायचा,
अदबीने, टोपी काढून,
आमच्याच स्वयंपाकघरात.

वहीचं शेवटून तिसरं पान, वर कॉफीचा डाग:
नावं कुणाला विचारायची ते एका फाइलीत लिहिलेलं असतं.
उघडली. आत एकच वाक्य:
ही फाइल आपोआप तयार होते. हाताने बदलू नये.
त्याखाली कोरं.
आपोआप तयार करणारा
आपोआप विसरलाही असणार.

सुडो लिहिलं. पासवर्ड मागितला.
तो लिहिताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही,
अंधारात कुलूप चाचपावं तसं.
एकदा चुकला. दोनदा चुकला.
मग आठवलं, पहिलं अक्षर मोठं.
नेमसर्व्हर, एक जागा सोडून, चार आठ.
हातानेच. जपून ठेवलं.

आणि आधी काय आलं म्हणाल?
बोट रद्द झाल्याची सूचना,
त्रेचाळीस अपडेट,
गमबुटांवर वीस टक्के सूट.
त्यानंतर साल्मे, टोरांटोहून, केसांना गोल रूळ लावलेली,
तिच्याकडे सकाळचे अकरा.
कुठे होतीस गं? दोनदा फोन केला.
इथेच होते, म्हटलं. तपासून पाहिलंय मी.

झोपायच्या बेताला रास्मुसचा निरोप:
आजी, हे टिकायचं नाही,
मशीन बंद करून सुरू केलंस की फाइल पुन्हा कोरी.
पक्का इलाज रविवारी सांगतो.

सांग सावकाश.
तोवर रोज सकाळी लिहीन,
सवय आहे मला.
किटली चढवायची, पडदे सरकवायचे,
आणि न कंटाळता पहिल्यापासून:
हा चमचा. ही खिडकी. मी हेल्वे.
साखर एकच.