दहापैकी किती

कुरुंदवाडच्या घाटावरून भोईगल्लीत
टॅब घेतलेली एक पोरगी आली.
म्हणाली, मावशी, आयुष्यात समाधानी किती?
दहापैकी सांगा.

आत्ती जाळं सांधत होती,
दोरा पायाच्या अंगठ्याला ताणलेला, सुई दातांत.
सुई काढली.
बस की. पाणी पितीस? बोरचं हाय, नदीचं न्हवं.

मग मोजायला लागली, पण दहापर्यंत नाही.

मार्चात पाणी काळं आलं,
मरळ, वाम, समदी तोंडं वर काढून धापा टाकत हुती.
गावची पोरं घमेली घेऊन पळाली, फुकटचा मासा.
आमी न्हाई उचलला.
इकला आसता तर आठवडा निघाला आसता,
पर पुन्ना आमच्या पाटीम्होरं कोन थांबलं आसतं?
त्या आठवड्यात आमटी. फुडच्या आठवड्यात तीबी पातळ.
ह्याला किती लिवतीस?

आन् महापुरात
पिराजीनं गुऱ्हाळाची काहील पाण्यात ढकलली,
चौगुल्याची म्हातारी आनली, तिचा रेडू आनला.
तवा समदी त्याला दादा म्हनत हुती.
पानी उतरलं, तसा दादाबी उतरला.
पंचनाम्याच्या कागदात जाळ्याचा रकानाच न्हवता.

मी आत भाकरी थापत ऐकत होते.
माझा हिशेब वेगळा:
मिरजेला नर्सिंग शिकणाऱ्या पोरीची फी, निम्मी भरलेली;
परवा पिराजी न पिता घरी आला, त्याचा अर्धा.
मला कुणी विचारलं नाही.

आकडा टाकल्याशिवाय टॅबचं पुढचं पान उघडेना.
आत्तीनं विचारलं, तुझा किती गं?
पोरगी हसली. मग हसायची थांबली.
माझं काम मार्चपर्यंतच आहे, म्हणाली.

जाताना दोन चिलापी घेतल्या तिनं.
आत्तीनं पैसे मोजून घेतले, सुट्टे परत दिले.

दिवे लागल्यावर म्हणाली,
काय लिवलं आसंल गं तिनं?
पाच लिहिलं असेल, मी म्हणाले.
आत्तीनं हाताची पाच बोटं जाळ्याच्या घरात घालून बघितली.
पाच बोटी म्हंजे लई मोठं घर.
बारकं मासं सुटत्यात त्यातनं.

दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.
सुटूदेत, म्हणाली.