दोन अकरा ते दोन पंधरा

एक सर्व्हर मेडिकल चौकात, तळघरात.
दुसरा परसोडीला, आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर.
मधे रस्त्याखालून
केसाएवढी काच.

पहिल्यानं लिहिलं की दुसरा लिहितो.
वाचत नाही.
रक्ताची पिशवी असो की कँटीनचं बिल,
चार किलोबाइटचा ठोकळा आला,
त्याच नंबरच्या खणात ठेवला,
"ठेवला" म्हणून उलट कळवलं.
आणि ते कळेपर्यंत
पहिलाही कुणाला "झालं" म्हणत नाही.
एवढी सचोटी मी माणसांत फार पाहिली नाही,
आमच्या खरेदी विभागात तर नाहीच.

दर सेकंदाला विचारपूस.
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
सात वर्षं मी या दोन शब्दांचा पगार घेते.

नवतप्याचा चौथा दिवस.
दिवसा मजूर उभे राहू शकत नाहीत,
म्हणून सिमेंट रस्त्याचं खोदकाम रात्री,
आणि खामल्याच्या अलीकडे
जेसीबीच्या दातात आमची काच.

आहेस?

आहेस?

दहादा विचारून परसोडीनं ठरवलं,
मेडिकल चौक गेला.
नियम असा, की गादीवर बसण्याआधी
जुन्याची वीज तोडायची.
पण तो निरोपही त्याच काचेतून जाणार होता.
हे मी दोन वर्षांपूर्वी लेखी दिलंय,
जावक क्रमांकासकट.

डोंगरवारचा फोन आला.
"मॅडम, दोन्ही प्रायमरी दाखवून राहिले."
"काय बोलून राहिला तू?"
"दोन्ही, मॅडम."

दोन पंधराला परसोडीचं लिहिणं थांबवलं.
तोवर चार मिनिटं
एका गावात दोन खरी.

ती एकत्र शिवता येत नाहीत,
ठोकळ्याला काठ असतो, शिवण नसते.
एक ठेवायचं, एक टाकायचं.
आणि आज्ञेची रीत अशी
की ती हरणाऱ्याच्याच तोंडून द्यावी लागते :
माझं टाकून दे.

मेडिकलकडे तीनशे बारा नोंदी, परसोडीकडे नऊ.
हिशेब सोपा होता.
तरी त्या नऊ मी वाचल्या.
यंत्र वाचत नाही, म्हणून कुणीतरी.

धंतोलीच्या प्रसूती शाखेची लाइन परसोडीवरून जाते.
एक रक्तगट. सलाइन, सलाइन.
कुणाचा तरी पलंग बदललेला, कूलरची हवा लागते म्हणून.
दोन तेरा : मुलगी, दोन किलो सहाशे,
आई हेमलता बिसेन, रडली लगेच.
बाकीच्या चार औषधांच्या.

ड्यूटी चार्टच्या पाठीवर उतरवून घेतल्या, पेननं.
वाचत वाचत.
मग म्हटलं, दाब.
"मी दाबू, मॅडम?"
"तूच. तिकडूनच दाबावं लागते."

पहाटे काच जुळली.
परसोडीनं मेडिकलचं सगळं निमूट उतरवलं.
त्या चार मिनिटांचं त्याच्यापाशी काही उरलं नाही,
अपमानसुद्धा.

सकाळी नऊच्या नऊ मी हातानं भरल्या.
पण नोंदीची वेळ यंत्रच टाकतं.
छापून आलं तर ठळक अक्षरात सहा वीस,
आणि खाली, मुंगीएवढं, दोन तेरा.

दुपारी गोंदियाचे आजोबा तळघर शोधत आले.
डोक्याला ओला दुपट्टा.
"बाई, मीन लग्न की वृषभ?
पोरीच्या पत्रिकेचा सवाल आहे."

काय सांगणार.
घडी उलगडून चार्टची पाठ दाखवली.
बोट ठेवून ओळ शोधली त्यांनी, ओठ हलवत वाचली,
मोबाइलवर फोटो काढला.
मग दाराशी उभ्या मुलाला हाक मारली.
"तू बी काढ रे तुझ्यात.
एकाचा काय भरोसा."