रेंगाळणारी कक्षा

रायबंदरच्या धक्क्यावर साडेसातची फेरी.
स्कूटरच्या डिकीत उद्याच्या बैठकीचे कागद :
उत्तरेकडच्या जहाजांसाठी उपग्रह ठेवायचा कुठे.
सगळे म्हणतात, विषुववृत्तावर. तिथेच तर असतात,
छत्तीस हजार किलोमीटर वर, एका जागी,
खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे.

पण मिंगेलीनचा रोझार तिथून दिसत नाही.
तो टँकरवर मोटरमन, नॉर्वेच्याही वरच्या अंगाला.
तिथून आपली खुंटी क्षितिजाला टेकलेली,
मध्ये डोंगर, कधी जहाजाचंच धुराडं.
चोडणला तिच्या बाल्कांवात आम्ही फोन धरून बसतो.
तो "मांय" म्हणतो, ती "पुता" म्हणते,
दोघं एकदम थांबतात,
दोघं एकदम "उलय" म्हणतात,
आणि मग तो डोंगराआड.

मी तिला सांगितलं, खालून फिरणारे घेतले
तर आवाज पटकन पोचेल,
पण एकेक जण दहा मिनिटांचा पाहुणा.
शेकड्यांनी लागतील. आमच्याकडे पैसे तिघांचे.
सुकी सुंगटं निवडता निवडता ती म्हणाली,
उशीर होऊ दे गो. घोवाच्या चिठ्ठीला महिना लागायचा.
फक्त मध्येच जाऊ नये.

फेरी सुटते. चार मिनिटं पाणी,
मग पलीकडे कितीतरी वेळ नुसती उभी,
फळी खाली टाकून, इंजिन घरघरत.
एक पिकअप, मासळीच्या रिकाम्या पाट्या,
कुणी धावत येतंय म्हणून आणखी थोडी.
बाबल दोर सैल सोडतो, विडी पेटवतो.
फेरी नदीत कमी, काठाला जास्त असते.
वीस वर्षं पाहतेय, आज कळलं.

तशीच ती लांबट कक्षा.
दक्षिणेला पृथ्वीजवळून जीव घेऊन पळायचं
आणि उत्तरेच्या माथ्यावर, चाळीस हजारांवर,
आठ तास रेंगाळायचं.
एक निघेपर्यंत दुसरा टेकलेला.
कल त्रेसष्ट अंशांहून जरासा अधिक,
तेवढ्यावर टोक सरकत नाही.
दर फेऱ्याला किरणोत्साराच्या पट्ट्यातून जाणार,
आयुष्य घटणार. साहेब नेमकं हेच विचारतील.

शिफारशीच्या कारणात मी "उन्नतांश" लिहीन.

नऊला रोझारची पाळी सुटते.
मिंगेलीनने खुर्ची आत्ताच अंगणात ओढली असेल,
माडाच्या सावलीतून थोडी बाजूला,
जणू तो डोंगर चोडणातच आहे.