रुग्णाचं उजवं

सोहारच्या दवाखान्यात, खोली नंबर तीन.
रात्रपाळीला एसी इतका गार
की शिशाचा एप्रन मी गोधडीसारखा ओढून घेते.

मिरजेला पहिल्याच तासाला हुद्देदार मॅडम म्हणाल्या होत्या,
उजवं म्हणजे तुझं नव्हे गं, समोरच्याचं.
एवढं डोक्यात बसलं की अर्धी नोकरी शिकलीस.

पुस्तकातला माणूस ताठ उभा असतो,
हात सोडलेले, तळवे पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला.
असं कोण उभं राहतं, म्हणून हसलो होतो आम्ही.
इथे आल्यावर बंदराच्या फाटकाशी पाहिलं:
पाळी सुटलेली रांग, एकेकाची झडती,
आणि झाडून सगळ्यांचे तळवे पुढे.

छातीचा फोटो मागून काढतात.
काळीज पाटीला टेकलेलं बरं.
पाटीपासून जे लांब, त्याची सावली फुगते.
हे मात्र मला
कुणी शिकवायची गरज पडली नाही.

उताणा. पालथा. कुशीवर.
फॉर्मवर हे इंग्रजीत येतं, मी अरबीत सांगते,
हिंदीत सांगते, शेवटी हाताने वळवते.
मेंदी लावलेली म्हातारी पाय सरळ करताना
माझ्या मनगटाला धरते, फोटो संपला तरी सोडत नाही.

पावणेतीनला मोफज्जल आला, परांचीवरून पडलेला.
फॉर्मवर डावं मनगट. सुजलेलं दुसरंच.
यमीन? विचारलं. यसार?
त्याने दोन्हीला मान हलवली.
मग म्हणाला, जिस हाथ से खाता हूँ, वो.

डॉक्टरना फोन केला. खाडाखोड झाली, सही झाली.
शिशाचा तो इवलासा आर
चिकटपट्टीने पाटीच्या कोपऱ्यात लावला.
कोपर टेकव. बोटं सैल. हलू नको.
हाड मोडलं होतं दूरच्या टोकाला.
दूर म्हणजे धडापासून दूर, असं मोजायचं असतं.
सगळी लांबी खांद्यापासून, बोटांपासून कधीच नाही.

त्याने विचारलं, कितने दिन?
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
मला माहीत होतं. सहा आठवडे, निदान.
तो डाव्या हाताने बटण लावायला लागला,
लागेना. मी लावलं.

साडेचारला सासूबाईंचा व्हिडिओ आला, देवरुखाहून.
तिकडे सहा वाजलेले, मागे बंब पेटवल्याचा आवाज.
पोरगी उताणी. मग कुशीवर.
खालचा हात अडकला, चेहरा लालबुंद,
सासूबाई कुणालातरी म्हणतायत, हात लावू नको तिला, हात लावू नको.
आणि पडली पालथी.
मान वर. कॅमेऱ्याकडे रागाने बघतेय.

एकवीस सेकंद. मी सात वेळा पाहिला.

कोणत्या कुशीवरून वळली?
सासूबाई समोरच्या कॅमेऱ्याने काढतात,
त्यात सगळं आरशासारखं उलटं येतं, कधी येतही नाही.
कोपऱ्यात कसली खूण नाही. तारीख नाही.
असा फोटो कुणी माझ्याकडे आणला असता
तर परत पाठवला असता.

आठव्या वेळी थांबवला, चौदाव्या सेकंदाला.
झबल्याची बाही वर सरकलेली,
वरच्या दंडावर बीसीजीचा व्रण, मुगाएवढा.
बीसीजी डाव्या दंडावर देतात.
म्हणजे डावा वर होता.
म्हणजे उजव्या कुशीवरून.
तिच्या उजव्या.

जुवैनाने दारातून हाक मारली:
दोन्ही गुडघे, उभ्याने, आजोबांना ऐकू कमी येतं.
मी एप्रन सावरला.
आजोबांना धरून पाटीसमोर आणलं, तोंड माझ्याकडे केलं
आणि त्यांच्या उजव्या बाजूला
आर लावला.