उधारीची वही

वारा कुठून आहे हे बघायला
मी दुकानाबाहेर येत नाही.
काउंटरवर कळतं.
दिवस उजाडता सिंधूबाई गांगुर्डे
पदर नाकाला लावून म्हणाली, "तेच द्या, परवाचं,"
की समजायचं, डेपोकडून.
दुपारपर्यंत खोकल्याचं सिरप संपतं.
चार दिवस वारा फिरला
की वस्ती नुसत्या डोकेदुखीच्या गोळीवर येते
आणि मला धंदा बसल्यासारखं वाटतं.
(हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.)

घंटागाडी शहरात दारोदार गाणं वाजवत फिरते.
आमच्या रस्त्याला लागली की बंद करते,
मयताच्या घरासमोर वरातीचा बँड थांबावा तशी.
पंचवटीतलं निर्माल्य, कॉलेज रोडच्या केकचे खोके,
सिडकोतल्या गाद्या,
आणि सातपूरकडून रात्रीचं जे येतं
त्याला नाव नाही.
पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो इथून.
शाळेतली पोरं चित्रात त्याच्या शेजारी
दुसराही काढतात, करड्या रंगाचा,
वर घारी.

वही उघडतो.
थेटे चांगदेव : खाजेचं मलम, दोन.
विहिरीवर अंघोळ करतो अजून.
पाणी चहासारखं झालंय म्हणतो, कोऱ्या.
बोडक्यांची नवी सून, तिसरा महिना : उलटीची गोळी.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाचा वास सहन होत नाही?
ती हसतच सुटली म्हणे.
लहामगे गुरुजी : पंप.
आधी महिन्याला एक लागायचा,
आता विसाव्या दिवशी दारात.
शेख तन्वीर, इयत्ता चौथी : वाफेचं मशीन, भाड्याने.
रात्री न्यायला बाप येतो,
सकाळी परत करायला तो स्वतः,
वायर नीट गुंडाळून.
औषध, रक्कम, तारीख, बाकी.
कशामुळे, असा रकाना
या वहीत छापतच नाहीत.

जानेवारीत आग लागली.
ज्वाळा नव्हत्या, आतल्या आत धुमसणं,
ओलं लाकूड चुलीत घालून कुणी विसरावं तसं,
अकरा दिवस.
पलीकडच्या बागेत द्राक्षांच्या घडाघडाला
बायका वर्तमानपत्राचा कागद बांधत होत्या,
माल परदेशी जायचा होता.
बांधता बांधता खोकत होत्या.

मग मोजणीची गाडी आली.
त्या दिवशी वारा त्र्यंबककडचा, गोड.
यंत्र खुर्चीत बसवलं पाहुण्यासारखं.
दोघा साहेबांनी चहा घेतला
कपावर कागद झाकून, माश्यांमुळे.
कागद त्यांच्याच फॉर्मचा होता.

परवा कौसल्या साळवे आली.
वर वेचायला जाते ती.
मुठीतून स्ट्रिप काढली, एक कड जळालेली,
सहा गोळ्या शाबूत.
"तापाचीच ना ही? पोराला देऊ?"
उलटी केली.
मागे लाल पेनाची फुली.
माझी.
मार्चमध्ये मुदत संपलेला माल
खोकं भरून मीच दिला होता गाडीला.
कंपनीला परत पाठवायचा तर
तीन प्रती लागतात, शिक्के लागतात,
कंटाळा केला.

नवी स्ट्रिप दिली. पैसे राहू दे म्हणालो.
ती पिशवीचं तोंड उघडून उभीच.
"ती जुनी द्या ना शेठ,
पत्रा किलोवर जातो."
मी गल्ल्यात टाकली होती.
दिली नाही.
का दिली नाही हे तिला सांगता येईना,
ती बघत राहिली,
वजनात मारलं तर भंगारवाल्याकडे बघतात तसं.

रात्री शटर ओढलं.
वारा पडलेला.
पान हलत नव्हतं, तरी कुठून तरी खोकला येत होता.
गुरुजींचा नव्हे,
त्यांचा मी ओळखतो.
कुलूप हातात धरून
बराच वेळ ऐकत राहिलो.