नळी

सगळ्यात आधी टायर बदलले.
मग चाकांची बेअरिंगं. मग विल्फ्रेदो मेहुण्याचं ऐकून
स्टिअरिंगचे बुश.
दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला,
आणि बिल दर खेपेला माझ्या खिशाला.
आवाज होता तिथेच:
साठाच्या पुढे बारीक घूंऽऽ,
मागच्या सीटखाली कुणी ओठ मिटून गुणगुणावं
आणि विचारलं तर गप्प बसावं, तसा.

उयुनीत, गंजलेल्या इंजिनांकडे जाणाऱ्या रस्त्यावर
एउलालिया चोकेचं गॅरेज आहे.
तिनं बॉनेट उघडलंच नाही.
तूच चालव म्हणाली,
आणि मागे सामानाच्या जागेत आडवी झाली,
घागऱ्याची घडी नीट करून,
कान थेट पत्र्याला लावून.

गाडी मिठावर घेतली.
मिठावर टायर बोलत नाहीत,
म्हणून ती तिथेच तपासते.
"दाब." दाबलं. घूं चढलं.
"सोड." सोडलं. घूं खाली घशात उतरलं.
"डावीकडे झोक दे. आता उजवीकडे."
फरक नाही.
"चाकं निर्दोष आहेत.
टायरचे पैसे मेहुण्याकडून घे."

परत आल्यावर मागची बाजू जॅकवर.
शाफ्ट दोन्ही हातांनी धरून ती हलवत राहिली,
टक्.
टक्.
मधली ढील तिनं अंगठ्यानं मोजली.
"ही वयाची. हिला नावं ठेवू नकोस."
मग शाफ्टच उतरवला,
पुढच्या दोन चाकांवर मला पिटाळलं
पार विमानतळाच्या फाट्यापर्यंत.
आवाज होता, पण हवा गेलेला.

"पिनियन," ती म्हणाली,
"पाठीवर ओझं आलं की बोलतो.
आत्ताच का बोलायला लागला, ते बघू."

खालचा बोल्ट सैल केला.
ऑइल काळं यायचं, ते आलं दुधाळ,
परातीत सांडलेल्या थंड कॉफीसारखं.
बोल्टच्या चुंबकावर लोखंडाची लव,
मऊ, चमकती.
तिनं करंगळी बुडवली
आणि मी अरे अरे म्हणेपर्यंत जिभेला लावली.
थुंकली. हसली.
"खारट!"

जानेवारीत सालारवर वीतभर पाणी चढतं.
पाहुण्यांना फोटो त्यातच हवे असतात,
पायाखाली आभाळ धरलेले.
मी गाडी तासभर उभी करतो.
तापलेला धुरा पाण्यात गार होत राहतो.
पंधरा वर्षं हेच करतोय,
आणि तोवर आत काय चाललंय
हे मला कधी सुचलंच नाही.

एउलालियानं डिफरन्शियलच्या माथ्यावर बोट ठेवलं.
एक नळी, करंगळीहून बारीक,
मीठ आणि चिखल यांनी दगड झालेली.
"तापलं की हवा इथून बाहेर,
गार झालं की इथूनच आत.
वाट बुजली की सीलच्या कडेनं
जे मिळेल ते ओढून घेतं बिचारं.
तू दिलंस मीठपाणी."

तेवढ्यात मागच्या खोलीत कुणी खोकलं.
लांबलचक खोकला, मध्ये थांबून पुन्हा.
वीस वर्षं खाणीत उतरलेला तिचा भाऊ, फोर्तुनातो.
तिनं हात पुसले, किटली घेऊन आत गेली.
ती येईपर्यंत मी तार घेऊन
नळी टोकरत बसलो.
खडे पडत होते, पांढरे, बारीक.
आतला आवाज ऐकू नये म्हणून
मी जरा जोरातच टोकरत होतो.

दोन बेअरिंगं, एक सील, चार लिटर ऑइल.
नळी तिनं नवी घातली,
आणि उंच नेली, टाकीच्या तोंडाशी,
जिथवर सालार पोचत नाही.
तिचे पैसे लावले नाहीत.

आता साठाच्या पुढे काही ऐकू येत नाही.
पाहुणे म्हणतात, रेडिओ लावा की.
मी अजून लावत नाही.