माइक टेस्टिंग

बत्तीस वर्षं माइक लावतोय.
नदीपात्रातली सभा असो की नारायण पेठेतला हॉल,
वायर माझी, भोंगे माझे, शब्द त्यांचे.

परवा साहेब आले. गेल्या खेपेला झेंडा दुसरा होता,
स्टँडची उंची तीच.
"परंपरा" म्हणताना त्यांचा प फुटतो,
म्हणून फोमची टोपी चढवतो.

खांबेटे मास्तर यायचे सायकलवरून,
पँटच्या घोट्याला क्लिप तशीच.
म्हणायचे, "जुनं सगळंच सोनं नसतं रे,
पण मोडीत घालण्याआधी वजन तरी करा."
मग खिशातून चिठ्ठी काढून
मागच्या व्याख्यानात चुकलेली तारीख दुरुस्त करायचे.
पाकिटातले चाळीस रुपये परत,
रिक्षा केलीच नाही म्हणून.
शेवटच्या रांगेत कुणी खोकतसुद्धा नसे.

आता सभेआधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर
हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन म्हणतो
आणि वाटतं, आज या भोंग्यातून
खरं एवढंच जाणार.

तरी एकदा स्टँड
मास्तरांच्या उंचीला लावून बघतो.
खालून पोरगा ओरडतो, "काका, साहेब बुटके आहेत!"
स्क्रू पिळतो. खाली घेतो.